पितळी इंजिनाचं किट: समज आणि वस्तुस्थिती

सिरोंचाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर प्राणहिता ओलांडून तेलंगणातलं मंचेरियाल गाठायचं. जिल्ह्यातलं जुनं स्टेशन म्हणजे वडसा, तेही पार उत्तरेच्या टोकाला. त्यामुळे पितळी पत्र्याचं छोटं मॉडेल इंजिन जोडण्याचा छंद पुण्या-मुंबईकडच्या, घरी वर्कशॉप असलेल्या लोकांचा, असं इकडे सहज बोललं जातं. ते खरं नाही. भक्कम टेबल, चांगला उजेड, 60 वॅटची सोल्डरिंग इस्त्री, बारीक कानस, चिमटा आणि लहान शिकंजा एवढ्यावर काम सुरू होतं. लेथ लागत नाही.

दुसरा समज असा की किटमधले भाग साच्यात ओतलेले किंवा करवतीने कापलेले असतात. काही बारीक भाग ओतीव असतात, पण इंजिनाचं अंग बनतं ते सपाट पत्र्यातून. पत्रा साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटर जाडीचा. त्यावर प्रकाशाला संवेदनशील लेप देतात, दोन्ही बाजूंना रेखाटनाची फिल्म लावून अतिनील प्रकाश पाडतात, मग फेरिक क्लोराइडचा फवारा मारतात. लेप नसलेला धातू विरघळतो. दोन्हीकडून उघडा असेल तिथे आरपार, एकाच बाजूने उघडा असेल तिथे जेमतेम निम्म्या जाडीपर्यंत. हे अर्धं कोरणं फार कामाचं. घडीची रेघ तशीच कोरलेली असते; ती खाच आतल्या बाजूला ठेवून पत्रा वाकवला की कोपरा काटकोनात येतो, आणि मग आतून डाख भरून तो पक्का करायचा. रिव्हेटसाठी मागच्या बाजूला अर्धे कोरलेले ठिपके असतात. त्यात टोकदार पंच ठेवून हलका ठोका दिला की पुढे रिव्हेटचं डोकं उमटतं. हे कोरीवकाम घरी करून पाहायचा मोह टाळावा. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत, नाल्यात किंवा नदीत ओतणं सरळसरळ विषारी आहे.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती डाख देण्याची. ‘पातळ पत्रा वितळून जाईल’ ही शंका हमखास येते. पितळ वितळायला सुमारे 900 अंश सेल्सिअस तापमान लागतं, नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर 190 अंशांच्या आतच पाणी होतं. मधलं अंतर भरपूर आहे. भांड्यांना कल्हई करताना पाहिलेल्यांना यातलं तत्त्व नवं नाही. नवसागर पितळेवरचा थर काढतो आणि कथील पसरतं. इथे नवसागराचं काम फ्लक्स करतो, बहुतेकदा सौम्य फॉस्फोरिक आम्लाचा. पत्रा आधी घासून लख्ख केला, फ्लक्सचा थेंब लावला, की डाख फटीत आपोआप ओढला जातो. जोड फसतो तो बहुधा मळामुळे किंवा कमी उष्णतेमुळे. म्हणून ‘नवशिक्याने लहान, कमी वॅटची इस्त्री घ्यावी’ हा सल्ला चुकीचा आहे. लहान इस्त्री पत्र्याला रेंगाळत तापवते, तोवर शेजारचे जोड सुटतात. मोठी इस्त्री क्षणभर टेकवून उचलता येते. बैठक संपली की भाग पाण्याने धुवायलाच हवेत. आम्ल राहिलं तर पावसाळ्यातल्या दमट हवेत पितळ हिरवं पडतं आणि चाकांच्या पोलादी धावा गंजतात. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

खोक्यात सगळं मिळतं, हाही गैरसमज. चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स पुष्कळदा वेगळे घ्यावे लागतात. खरी परीक्षा चाकांवरच होते. प्रत्येक आसावर एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी 90 अंशांत असावा लागतो आणि हा कोन सगळ्या आसांवर तंतोतंत एकच हवा. एक चाक जरा फिरलेलं असलं तरी इंजिन दर फेऱ्याला अडकतं.

आणि तयार मॉडेल मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? कारण प्लॅस्टिकचा साचा महाग असतो, तो हजारो नग खपणार असतील तरच परवडतो. कोरीव पत्र्याला लागते मुख्यतः अचूक रेखाटनाची फिल्म, म्हणून मोजक्या नगांचं किटही निघू शकतं. असं किट विदर्भातल्या नॅरोगेजसाठी सोयीचं. नागपूर–नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. वडशावरून जाणारा गोंदिया–चांदा फोर्ट मार्गही मुळात नॅरोगेजच. या रुळांचं अंतर 762 मिलिमीटर. 1:87 प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या 9 मिलिमीटर रुळांना जवळजवळ जुळतं. आपल्या ब्रॉडगेजचं तसं नाही. ते याच प्रमाणात सव्वाएकोणीस भरतं आणि प्रचलित रूळ साडेसोळाचे. थोडक्यात, विदर्भातलं छोटं इंजिन मॉडेलसाठी जास्त सोयीचं आहे.

1:87 प्रमाणातल्या गाड्या धावताना पाहायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून. पण आधी नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जा. परवानगी घेऊन तिथल्या जुन्या इंजिनाची मापं घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा, रेखाटन करा. रेखाटन हाती असेल तर पुढचा पत्रा कोरून देणारे मिळतात.