बेचाळीस फुटांचा सौदा

नवी होती तेव्हा गाडीवर ३ लाख ७० हजार डॉलरची चिठ्ठी होती. मालकांनी ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून इतकी वर्षं जपली होती आणि आम्ही दारात पाय ठेवताच पुढे केली. तपासणीला आलेल्या बाईंनी ती हातातही घेतली नाही. "ही राहू द्या. सर्व्हिसची बिलं आहेत का?" एवढंच विचारलं.

ठिकाण ॲरिझोनातलं मेसा, दिवस मार्चअखेरचे. मिनेसोटा, डकोटा, कॅनडा इथली थंडी चुकवायला निवृत्त जोडपी दर हिवाळ्यात फीनिक्सच्या आसपास उतरतात आणि ऊन चढायला लागलं की परततात. वय किंवा डोळे साथ देईनासे झाले, की याच सुमाराला गाडी विकायला काढतात. माझा मामेभाऊ चँडलरच्या चिपच्या कारखान्यातून निवृत्त झालाय. दादाला आता अमेरिका बघायचीय, पण हॉटेलांत उतरून नाही. वहिनींचं मत वेगळं आहे. ते पुढे येईल.

सिनेमाच्या शूटिंगपाशी उभी असते ती व्हॅनिटी व्हॅन डोळ्यांपुढे आणा आणि तिला लांब पल्ल्याच्या व्होल्वो बसएवढी करा. बेचाळीस फूट लांबी, इंजिन मागे, म्हणून हिला 'डिझेल पुशर' म्हणतात. बटण दाबलं की भिंतींचे चार भाग बाहेर सरकतात आणि दिवाणखाना ऐसपैस होतो. हे सरकते भाग म्हणजे स्लाइड. चेरीच्या लाकडाची कपाटं, पायाखाली फरशी, कपडे धुण्याचं यंत्र, मागे डबल बेडची खोली. कमिन्सचं ४०० हॉर्सपॉवरचं आयएसएल इंजिन, ॲलिसनचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मॉडेल २००६ सालचं, चाललेली ८४ हजार मैल. मालकांची मागणी ९४ हजार ५०० डॉलर.

हा आकडा त्यांनी बुकातून काढला होता. बुक म्हणजे जे. डी. पॉवरचे भाव. पूर्वी ते एनएडीए नावानं निघत आणि जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. बँकवाला, विमेवाला, विक्रेता सगळे त्यावरच बोट ठेवतात. साल-मॉडेल घातलं की एक कमी भाव आणि एक सरासरी भाव मिळतो. साध्या मोटारींना हे ठीक आहे, एकेका मॉडेलच्या लाखो गाड्या हात बदलत असतात. असले कोच मुळात थोडे बनलेले. त्यातलं नेमकं तेच मॉडेल वर्षभरात बाजारात येणार किती? सरासरी काढायला पुरेसा मालच नाही. आणि छत गळतं का, हे बुकाला कसं कळावं? जाहिरातींतले आकडे तर मालकांच्या मनातले असतात. म्हणून दादा हिवाळाभर जाहिराती टिपून ठेवत होता : कुठली गाडी किती दिवस पडून आहे, किंमत कधी उतरवली, जाहिरात कधी गायब झाली. टेक्सासमधला एक मोठा विक्रेता गाड्या प्रत्यक्ष कितीला गेल्या तेही प्रसिद्ध करतो, ते आकडे त्यानं शेजारच्या रकान्यात घातले. शेवटी त्याचं मत असं पडलं, की या जातीची, या वयाची, सगळं धड असलेली गाडी ८० हजारांच्या आगेमागे जाते.

सगळं धड आहे का, हे बघायला बाईंना बोलावलं होतं. ट्रकच्या ताफ्यावर डिझेल मेकॅनिक म्हणून आयुष्य काढून आता त्या हे काम करतात. या तपासनिसांची राष्ट्रीय संघटना आहे, ती प्रमाणपत्र देते. किंमत सांगणं त्यांच्या कामात बसत नाही. काय चालू, काय बंद, काय मरायला टेकलंय, एवढंच त्या लिहून देतात.

त्यांनी पहिल्यांदा मागचं झाकण उघडलं आणि इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. "आधी सुरू करून ठेवलं नाहीत, बरं केलंत," त्या मालकांना म्हणाल्या. तापलेलं इंजिन कोणाचंही चटकन उठतं. दुखणं असेल तर ते गारठ्यात बोलतं. हे उठलं, पांढरट धूर थोडा आला आणि विरला. मग त्या रेडिएटरकडे वळल्या, आणि इथे त्यांनी माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवला. या गाडीचा रेडिएटर अगदी मागे, इंजिनाच्या पाठीशी आहे. इंजिनातून एक नळी तेलकट वाफ बाहेर सोडते, पंखा ती वाफ आणि चाकांची धूळ एकत्र करून रेडिएटरवर मारतो. वर्षानुवर्षं ते साचून नमद्यासारखा थर होतो. बाहेरून बघाल तर जाळी लख्ख, कारण घाण बसते ती इंजिनाकडच्या बाजूला. बाईंनी लांब दांड्याचा आरसा आत घातला, टॉर्च मारला आणि इंच इंच बघितलं. फीनिक्सहून आय-१७ महामार्गानं सात हजार फुटांजवळच्या फ्लॅगस्टाफला चढताना ऐन घाटात इंजिन तापतं ते याच पापानं. इथे रेडिएटर साफ होता. मालकांनी ती नळी पुढे वाढवून वाफ पंख्याच्या टप्प्याबाहेर नेली होती, आणि फायलीत त्याचं बिल होतं. त्या फायलीकडे बाईंनी पहिल्यांदा आदरानं बघितलं.

टायर आठ. सगळे काळेभोर, नक्षी भरपूर शिल्लक. खोटं काही नव्हतं, पण नक्षीवर जाऊन चालत नाही. असल्या गाड्या पळतात कमी आणि उन्हात उभ्या राहतात जास्त, त्यामुळे टायर झिजण्याआधी आतून म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर एक लांबलचक नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि साल. गंमत अशी, की पूर्ण नंबर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. मी वाकून गाडीखाली डोकावायला लागलो तर बाईंनी दंडाला धरून मागे ओढलं. ही गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते. फुगा फुटला किंवा हवा गेली की टनावारी वजन क्षणात खाली बसतं. टेकू न लावता खाली शिरलेली माणसं त्यात मेली आहेत. त्यांनी काठीला फोन बांधला, आत सरकवला आणि फोटो काढले. ३४१६. म्हणजे २०१६ चा चौतिसावा आठवडा. सात वर्षांनंतर शहाणी माणसं या टायरांवर महामार्गाला जात नाहीत. हवेच्या फुग्यांच्या रबरालाही घड्यांमध्ये बारीक चिरा दिसल्या. ब्रेकची हवा १२० पर्यंत चढवून इंजिन बंद केलं. काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती.

ॲरिझोनातल्या गाडीचं हे असंच. मिशिगन-ओहायोकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाडीचा सांगाडा गंजतो. इथे सांगाडा कोरा करकरीत राहतो, पण ऊन टायर, रंगावरचा चकाकीचा थर आणि छतावरचं सीलंट खातं. कमी मैल चाललेली गाडी चांगली, हाही असाच अर्धवट समज. वीस वर्षांत वीस हजार मैल म्हणजे गाडी उभी राहून वाळली : सील आखडले, डिझेलच्या टाकीत बुरशी, जनरेटर मुका. या जनरेटरला बाईंनी तिन्ही एसी लावून अर्धा तास पळवलं. एवढा भार घेऊनही तो अडखळला नाही.

मग भिंत. फायबरग्लासला गाल जवळजवळ टेकवून त्यांनी लांबवर नजर टाकली. सकाळचं तिरपं ऊन असल्यामुळे जरासा फुगवटाही सावली टाकतो. पाणी आत शिरलं की भिंतीचे थर सुटतात आणि मग त्यावर इलाज जवळपास नसतोच. मागचा निम्मा भाग सपाट होता. पुढे, दिवाणखान्याच्या स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यापाशी त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. तीन ठिकाणी टणक आवाज, चौथ्या ठिकाणी बद्द. आत जाऊन कपाट रिकामं केलं, ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया लाकडात टोचल्या. काटा लाल भागात. टाचेनं दाबलं तर जमिनीची कड किंचित दबली.

"इथे कधीच पाणी आलेलं नाही," मालक म्हणाले. खोटं बोलत नसावेत. पाणी येतं तेव्हा माणसं सोफ्यावर बसून टीव्ही बघत असतात.

टीव्हीवरून आठवलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर जुन्या काचेच्या टीव्हीसाठी केलेलं भलंमोठं खोपटं होतं. २००६ मध्ये ते वैभव होतं. आता तिथे सपाट स्क्रीन बसवून मागची पोकळी फळीनं झाकलेली. पितळी नळ, काचेवरची नक्षी, छताला आरसे, यांतल्या एकाही गोष्टीसमोर बाईंच्या यादीत ओळ नाही. मला हे जरा निष्ठुर वाटलं. पण खरेदीदार कोणत्या चैनीचे पैसे देतो आणि कोणती नुसती सोसतो, हे बाजारानं कधीच ठरवून टाकलंय.

गाडी बनवणारी ओरेगॉनची कंपनी आज नाही. २००८ मध्ये डिझेल चार डॉलरच्या वर गेलं, पाठोपाठ कर्जं आटली आणि २००९ मध्ये या धंद्याची वाताहत झाली. कोबर्गची मोनॅको, जंक्शन सिटीची कंट्री कोच, कॅलिफोर्नियाची फ्लीटवुड, सगळ्यांची दिवाळखोरी त्याच लाटेतली. अशा गाड्यांना बाजारात 'ऑर्फन' म्हणतात आणि त्यापायी भाव पाडून मागतात. बाईंना ते फारसं पटत नाही. इंजिन कमिन्सचं, गिअरबॉक्स ॲलिसनचा, जनरेटर ओनानचा. त्यांचे सुटे भाग कुठल्याही ट्रकवाल्याकडे मिळतात. अडतं ते पुढच्या काचेला, दिव्यांना आणि ज्या स्विचचा नकाशा एकाच माणसाला ठाऊक होता त्या स्विचला.

उलट एका बाबतीत हिचं वय हिच्या पथ्यावर पडतं. २००७ च्या प्रदूषणाच्या नियमांनी डिझेल इंजिनांना काजळी पकडणारे फिल्टर आले, २०१० पासून युरियाचं पाणी आलं. त्याचे सेन्सर बिघडले की नव्याकोऱ्या गाडीची ताकदही रस्त्यात आपोआप कमी होते. म्हणून २००७ च्या आधीचं इंजिन मुद्दाम शोधणारं गिऱ्हाईक आहे. हवेसाठी ते नियम योग्यच होते, पण जुन्या गाडीच्या भावात त्यांनी भर घातली हेही खरं. प्रेव्होच्या बस-सांगाड्यावर बांधलेल्या कोचची गोष्ट निराळी. ती नवी घ्यायची तर २० लाख डॉलरच्या वर, आणि म्हातारपणीही ती भाव धरून असते. तो बाजार आमच्यासारख्यांचा नव्हे.

आमच्या बाजारात सगळ्यात जास्त भाव पाडते ती मात्र गाडीतली कुठलीच खोट नव्हे. गिऱ्हाईक कमी, हे खरं कारण. दहा-पंधरा वर्षांपलीकडच्या गाडीला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे घेणारा रोख पैसेवाला हवा. रोख साठ-सत्तर हजार असलेल्यांतले पुष्कळ जण नवीन, लहान गाडी हप्त्यानं घेतात. बऱ्याच बड्या आरव्ही पार्कांत, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, दहा वर्षांवरची गाडी आत घेत नाहीत. फोटो पाठवा, बघून सांगतो म्हणतात. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांवरच्या गाडीला वेगळं लायसन्स लागतं. अशी चाळण लागत लागत शेवटी उरतात ते दादासारखे : हातानं दुरुस्ती करायची हौस असलेले, वेळ असलेले आणि बायकोला समजावू शकणारे.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर दादानं यादी मांडली. दुरुस्तीचे अंदाज बाईंनी जाता जाता तोंडी दिले होते. टायर ६ हजार. हवेचे फुगे साडेतीन. बॅटऱ्या १ हजार ८००. छताचं सीलंट दीड हजार. डिझेलवर चालणाऱ्या हीटरची सर्व्हिस ६००. आणि ती स्लाइडची ओली कड. उघडल्याशिवाय कळणार नाही, तीन हजारही लागतील, सातही. दादानं पाच धरले. बेरीज १८ हजार ४००. ऐंशीतून वजा जाता उरले ६१ हजार ६००.

"आणि सोललेला रंग?" मी विचारलं.

"अरे, तो मी बघत बसणार नाहीये. मी आत असणार."

त्यानं ६० हजार सांगितले, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या तपासणीच्या अटीवर. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात; त्यात सोडियम-पोटॅशियम सापडलं तर कूलंट इंजिनात झिरपतंय, सिलिकॉन वाढलेलं असेल तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय. पस्तीस-चाळीस डॉलरची ही चाचणी न करता लोक लाखाचे सौदे करतात, हे मला अजून कळलेलं नाही. मालक आधी गप्प बसले. मग त्यांनी फाइल उघडली आणि टायरवगळता एकेक खर्चावर बोट ठेवत हुज्जत घातली, अगदी मुद्देसूद. फुगे चार तरी चांगले आहेत, हे त्यांचं म्हणणं फोटोत बघितल्यावर बरोबर निघालं. शिवाय मागे मोटार ओढायचा टो-बार आणि त्याचं ब्रेकचं किट त्यांनी सौद्यात घातलं. तेलाचा रिपोर्ट स्वच्छ आला. ६३ हजारांवर हात मिळाले.

वहिनी इतका वेळ पोळ्या लाटत ऐकत होत्या. "अहो, पण ही ठेवणार कुठे? आपल्या सोसायटीत पिकअपसुद्धा रस्त्यावर उभा करू देत नाहीत."

दादानं यादी परत पुढे ओढली. पंचेचाळीस फुटी, वर पत्रा असलेली भाड्याची जागा, महिना अंदाजे २५० डॉलर, असं खाली लिहिलं, बाराने गुणलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"हे आधी का नाही विचारलंस?"

"तुम्ही मला टायरांचं विचारलंत," वहिनी म्हणाल्या.