माकड डोळे वाचतं

जबलपूरच्या रिछाईत, कारखान्यांच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीपाशी मी एकदा अर्धा तास रेंगाळलो होतो. समोरच्या शेडच्या पत्र्यावर पाच-सहा माकडं बसली होती. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर आणि लाल तोंडाचं ते माकड, हा भेद मराठीनं फार आधीपासून जपलाय, आणि शास्त्रही त्यांना वेगळंच मानतं. ही माकडं होती. शास्त्रज्ञ त्यांना ऱ्हिसस म्हणतात.

त्यातला एक तरुण नर खाली उतरला. टपरीच्या फळीवर बिस्किटांचा पुडा होता, पण त्याची नजर खिळली होती चहावाल्या भैयांच्या चेहऱ्यावर. भैया पातेल्याकडे वळले की हा दोन पावलं पुढे. त्यांनी मान वर केली की हा जागच्या जागी बसून मांडी खाजवायला लागे, जणू पुड्याशी त्याचा संबंधच नाही. भैया दुधाचं कॅन उचलायला वाकले आणि पुडा गेला. पत्र्यावरची एक मादी मात्र पिलाला पोटाशी धरून शेवटपर्यंत तिथेच बसून राहिली. तिला पुडा दिसत नव्हता असं नाही. तिचा स्वभावच वेगळा असावा.

माकडाला खरंच कळतं का, की समोरचा आपल्याला बघतोय? याचं उत्तर हजारो मैलांवरच्या कायो सांतियागो या बेटावर मिळालं. पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळच्या या इवल्याशा बेटावर 1938 साली क्लॅरेन्स कार्पेंटर या शास्त्रज्ञानं भारतातून नेलेली सुमारे चारशे ऱ्हिसस माकडं सोडली. आज तिथे दीड हजारांहून जास्त आहेत, सगळी त्याच माकडांची वंशज. रिछाईच्या पत्र्यावरच्या मंडळींची ही दूरची भावकीच म्हणा!

2005 मध्ये जोनाथन फ्लोम्बाम आणि लॉरी सँटोस यांनी तिथे एक सुंदर, साधा प्रयोग केला. दोन माणसं उभी, दोघांपुढे एकेक द्राक्ष. एकाचं तोंड माकडाकडे, दुसऱ्याची पाठ. माकडं पाठमोऱ्या माणसाचं द्राक्ष पळवायची. मग त्यांनी खुबीनं बदल केले. दोघांची तोंडं माकडाकडेच, फक्त एकाचे डोळे झाकलेले. तरी माकडं न बघणाऱ्यालाच बरोबर हेरत. पुढच्या वर्षी सँटोस यांच्या गटानं खाऊ दोन डब्यांत ठेवला, एक वाजणारा, एक मुका. माणसाचं लक्ष दुसरीकडे असलं की माकडं मुक्या डब्याकडे वळत. म्हणजे दुसऱ्याला काय दिसतं एवढंच नाही, काय ऐकू येतं याचाही अंदाज त्यांना होता.

आता खरी गंमत. 2011 मध्ये त्याच बेटावर दिसलं की माणसाला काय ठाऊक आहे हे ऱ्हिसस ओळखतो, पण माणसाची समजूत चुकीची असेल तर ती माणसाला कुठे नेईल, हे त्याला सांगता येत नाही. आपल्या पाठीमागे वस्तू हलवली गेली, तर माणूस ती आधीच्या जागीच शोधणार. हा विचार त्या प्रयोगात तरी त्याच्या आवाक्याबाहेरचा दिसला. 2016 मध्ये चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांच्यावर असा प्रयोग झाला, तेव्हा माणूस चुकीच्या जागी शोधायला जायच्या आधीच त्यांचे डोळे त्या जागेकडे वळले. या दोन प्रयोगांत माकड आणि मोठा कपी यांच्यात असा फरक दिसावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि पत्र्यावर बसून राहिलेल्या त्या मादीचं काय? 1970 च्या दशकात केंब्रिजजवळ जोन स्टीव्हन्सन-हाइंड यांनी एकेका ऱ्हिसस माकडाला चांगलं ओळखणाऱ्या निरीक्षकांकडून गुण मागवले. धीट की भित्रं, चटकन बिथरणारं की शांत, मिळूनमिसळून राहणारं की एकलकोंडं. वेगवेगळ्या निरीक्षकांचे गुण जुळले, आणि पुढच्या वर्षीही बरेचसे तसेच राहिले. स्वभाव हा शब्द माकडाला लावायला आता संकोच नको.

स्वभाव दगडात कोरलेलाही नसतो. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळानं कायो सांतियागोची बहुतेक झाडी उखडली. सावली दुर्मीळ झाली. ऱ्हिसस म्हणजे भांडखोर, उतरंड मानणारी जात. पण वादळानंतर ही माकडं एकमेकांना शेजारी बसू देऊ लागली, नवी नाती जोडू लागली. आधी एकटी पडलेली माकडं सर्वांत जास्त बदलली. पुढच्या काही वर्षांत, ज्यांनी इतरांना जवळ सहन केलं त्यांची जगण्याची शक्यता जास्त राहिली.

आपण मात्र त्यांचे चेहरे उलटे वाचतो. माकडानं गप्प राहून दात दाखवले की आपल्याला ते हसू वाटतं, पण ती शरणागती असते. तोंड उघडं आणि नजर रोखलेली असली की ती धमकी. आपली रोखलेली नजरही त्याला तशीच वाटते.

म्हणून रिछाईला गेलात तर खाऊ देऊ नका, नजर भिडवू नका. जरा लांब उभं राहून कळपातलं एकच माकड निवडा, कान फाटलेलं किंवा शेपटी वाकडी असलेलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच शोधा.