बाबाशाही आणि कलदार : बडोदे संस्थानातील दोन रुपयांची हुंडणावळ

दोन चलनांमधील विनिमयदर म्हटला की रुपया आणि डॉलर डोळ्यांसमोर येतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील वडोदऱ्याच्या रहिवाशाला विनिमयदराशी व्यवहार करण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नव्हती. त्याच्या कनवटीलाच दोन रुपये असत : एक गायकवाड सरकारचा 'बाबाशाही' आणि दुसरा इंग्रज सरकारचा 'कलदार'. दोहोंचे नाव एक, मोल मात्र वेगळे. जुने खरेदीखत, जमाखर्च किंवा पगारपत्रक विद्यार्थ्यांपुढे ठेवणाऱ्या अध्यापकाने हा भेद ध्यानात घेतला नाही, तर कागद बरोबर वाचूनही अर्थ चुकतो.

नाण्यांचे स्वरूप

बाबाशाही रुपया हा मोगल रुपयाच्या परंपरेतील. त्यावरील मजकूर फारसीत असे व त्यात दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. ज्या गायकवाड राजाच्या कारकिर्दीत नाणे पडले, त्याच्या नावाची आद्याक्षरे मात्र नागरीत उमटवली जात. 1857 नंतर खंडेराव महाराजांच्या काळात बादशहाचे नाव जाऊन गायकवाडांची 'सेनाखासखेल समशेर बहादर' ही पदवी आली. लिपी मात्र फारसीच राहिली. पुढे सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्या कारकिर्दीत यंत्रावर पाडलेल्या रुपयावर त्यांची मुखमुद्रा आणि नागरी अक्षरे आली. फारसी, मराठी आणि गुजराती या तिन्ही भाषांचा वावर असलेल्या राज्याचा इतिहास असा एका नाण्यात सामावला आहे.

कलदार म्हणजे कळीने, अर्थात यंत्राने पाडलेला रुपया. 1835 च्या कायद्याने त्याचे वजन 180 ग्रेन व त्यातील शुद्ध चांदी 165 ग्रेन ठरली होती. बाबाशाहीचे मोल त्याहून कमी. त्यामुळे एकाच्या बदल्यात दुसरा घेताना वटाव द्यावा लागे, आणि तो किती हे पेढीवरचा सराफ सांगे.

दर रोजच्या जीवनात कसा शिरला ?

बडोदे राज्याचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे प्रांत इंग्रजी जिल्ह्यांत आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. शेतकरी भरूच किंवा खेडा जिल्ह्याच्या बाजारात गेला की चलन बदले. रेल्वे इंग्रजी व्यवस्थेतली, तिचा हिशेब कलदारात. गावातली मजुरी आणि किरकोळ खरेदी मात्र बाबाशाहीत. हद्द ओलांडली की वटाव, आणि परत आले की पुन्हा वटाव. व्यापारी तो मालाच्या किमतीत मिळवून घेई. मजुराला तशी सोय नव्हती.

1893 नंतर काय बदलले ?

जोपर्यंत दोन्ही नाण्यांचे मोल त्यांतील चांदीवर अवलंबून होते, तोपर्यंत त्यांचे आपसांतले प्रमाण फारसे हलण्याचे कारण नव्हते. चांदी उतरली तर दोन्ही उतरत. 26 जून 1893 रोजी हिंदुस्थान सरकारने खासगी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. नवे रुपये मिळेनासे झाल्यावर कलदार चांदीपासून सुटला. 1894-95 मध्ये सुमारे 13 पेन्सपर्यंत घसरलेला त्याचा दर 1898 पर्यंत 16 पेन्सवर चढला, आणि 1899 च्या कायद्याने 15 रुपयांस 1 सॉव्हरिन हे प्रमाण पक्के झाले. त्या वेळी कलदारातील चांदीची लंडनच्या बाजारातील किंमत जेमतेम 10 पेन्स होती. उरलेले मोल धातूचे नव्हते, सरकारी बंदोबस्ताचे होते.

बाबाशाहीला हा आधार नव्हता. नाण्यात काहीच भेसळ न होता तो कलदाराच्या तुलनेत खाली आला.

याचा अर्थ हिशेबाने समजतो. उदाहरणादाखल धरू की 100 कलदारांस आधी 115 बाबाशाही पडत आणि पुढे 130 पडू लागले. दरमहा 10 बाबाशाही मिळवणाऱ्या नोकराचा पगार कलदारात आधी सुमारे 8 रुपये 11 आणे होता, तो 7 रुपये 11 आणे झाला. पगारपत्रकावर आकडा तोच, पण महिन्याला एक कलदार गेला. 200 कलदारांचे कर्ज असलेल्या शेतकऱ्याला 230 ऐवजी 260 बाबाशाही मोजावे लागले. उलट ज्याचे कर्ज बाबाशाहीत लिहिलेले आणि उत्पन्न कलदारात, त्याचा भार हलका झाला. म्हणून जुन्या दस्तऐवजात रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या रुपयात, हा प्रश्न आधी येतो.

अखेर 1901 च्या सुमारास बडोदे राज्याने स्वतःचे चांदीचे चलन बंद करून कलदार स्वीकारला. व्यवहार सुलभ झाला. परंतु नाणे पाडण्याचा अधिकार ही राजसत्तेची खूण मानली जाते, ती खूण या सोयीपायी सोडावी लागली.

मराठवाड्याचा दाखला

हैदराबाद संस्थानाने उलट मार्ग धरला. तेथील हाली, म्हणजेच उस्मानिया सिक्का शेवटपर्यंत टिकला. 100 कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे 6 ला 7, हे प्रमाण रूढ होते. मराठवाड्यातील जुन्या कागदांत 'हाली' व 'कलदार' हे शब्द म्हणूनच रकमेसोबत येतात. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही हे नाणे काही वर्षे चालत होते. 1959 मध्ये ते चलनातून बाद झाले.

अध्यापनाच्या दृष्टीने

या विषयाचा वडोदऱ्याशी आणखी एक धागा जुळतो. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे लंडनमध्ये याच प्रश्नावर संशोधन केले. 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथात 1893 चा निर्णय आणि त्यातून आलेली चलनपद्धती यांची कठोर चिकित्सा आहे. रुपयाची किंमत ठरवताना त्याची देशातील खरेदीशक्ती स्थिर राहते की नाही, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता.

सराफ, सिक्का, खजिना, कलदार हे शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही वर्गांत सारखेच ओळखीचे आहेत. एखादा जुना कागद घेऊन विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील : रक्कम कोणत्या नाण्यात आहे ? त्या वर्षी वटाव काय होता ? आणि तो कोणाच्या खिशातून गेला ? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाषेचा, इतिहासाचा आणि अर्थशास्त्राचा वर्ग एक होतो.