नामिबियातील खडीची वाट
नामिबियात स्वतः मोटार हाकीत निघालेला प्रवासी सिंहाला भितो. वस्तुतः भ्यावे ते खडीच्या रस्त्याला. रस्ता सरळ, निर्मनुष्य. म्हणून वेग नकळत वाढतो आणि वळणावर चाके सुट्या खड्यांवरून घसरतात. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबला की गाडी उलटलीच! ताशी ८० किलोमीटरच्या आत राहणे शहाणपणाचे. सोसुसफ्लेईच्या अखेरच्या वाळूत टायरांतील हवा कमी करावी, म्हणजे चाक पसरते, रुतत नाही. मागाहून ती पुन्हा भरावी. पुढे स्वाकोपमुंडच्या किनाऱ्यावर थंड बेंग्वेला प्रवाहामुळे धुके दाटते. तेथे दिवसाही दिवे लावावेत. १९०७ साली राखलेल्या एटोशाच्या अभयारण्यात मात्र सूर्यास्तापूर्वी छावणीचे दार गाठावेच लागते.