नाका गेला, बिल राहिले

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा सरल्या. जकात ही मुंबई महापालिकेची दुभती गाय होती, वर्षाला सुमारे ७ हजार कोटी रुपये देणारी. शिवाय ती कुणाला जाणवत नसे. पैसे ट्रकवाला भरायचा आणि ते सिमेंट-कापडाच्या भावात मुरून जायचे. मालमत्ता कराचे तसे नाही. त्याचे बिल नावानिशी घरी येते आणि मतदारही त्याच घरात राहतो.

हा कर मुंबईला जुनाच. बदलायचा होता तो त्याचा पाया. पूर्वी आकारणी अपेक्षित वार्षिक भाड्यावर व्हायची. पण भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती आणि प्रमाणित भाड्याच्या वर करपात्र मूल्य धरता येत नाही, असा न्यायालयांचा निर्वाळा होता. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या ऐसपैस फ्लॅटला किरकोळ कर, तर उपनगरातल्या नव्या छोट्या घराला भरभक्कम, असा उफराटा न्याय चालू राहिला.

यावर उतारा म्हणून १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी आली. रेडी रेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय असे सारे त्यात धरले गेले. पद्धत न्याय्य होती, पण पहिल्या दिवसापासून तिला सवलतींच्या कुबड्या लागल्या. निवासी कराच्या वाढीला कमाल मर्यादा घातली, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना वाढीतूनच वगळले. २०१७ च्या पालिका निवडणुकीत या घरांना करमाफीचे आश्वासन मिळाले. २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे उपकर राहिले; जानेवारी २०२२ मध्ये संपूर्ण माफी जाहीर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने भांडवली मूल्याची पद्धत नव्हे, पण तिचे काही नियम रद्द ठरवले. जमिनीवर पुढे कधीतरी होऊ शकणाऱ्या बांधकामावर आज कर लावता येत नाही, असे त्याचे म्हणणे.

रुंद करायला घेतलेला पाया असा निवडणुकीगणिक आक्रसत गेला. जकातीची जागा राज्य सरकारच्या नुकसानभरपाईने घेतली. पहिलाच मासिक धनादेश सुमारे ६४७ कोटींचा होता. पूर्वी ट्रकवाला भरायचा, आता सरकार भरते. घरमालकाने, थोडे का होईना, आपल्या शहराला थेट द्यावे आणि मग रस्त्यातल्या खड्ड्याचा हिशेब हक्काने मागावा, एवढे मात्र अजून जमलेले नाही.