कात्री कुठे लावायची

मेरी शेलीची ‘द लास्ट मॅन’ १८२६ साली लंडनमध्ये तीन खंडांत निघाली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने माणसांची वस्तीच संपते आणि २१०० साली लायनेल व्हर्नी एकटा उरतो, अशी ही गोष्ट. अहिल्यानगरात चार माणसांसमोर मोठ्याने वाचता यावा, असा तिचा मराठी संक्षेप मी सध्या करतो आहे.

पहिल्या वाचनात मी काहीच गाळत नाही. प्रत्येक प्रकरणासाठी एक कागद घेतो. गोष्टीतला किती काळ सरला, कोण आले, कोण गेले आणि हे प्रकरण काढले तर पुढचे काय अडेल, एवढेच त्यावर टिपतो. खरी परीक्षा शेवटच्या प्रश्नाची. सगळे कागद ओळीने मांडले की कादंबरी कुठे रेंगाळते ते लपत नाही.

पहिल्या खंडात प्लेग नाहीच. इंग्लंडच्या राजाने गादी सोडलेली, लॉर्ड प्रोटेक्टर कोणाला करायचे यावर लांबलचक भाषणे, रेमंड आणि पर्डिटा यांच्या संसारातली तेढ. भाषणांच्या पानांवर मी बिनदिक्कत काट मारली. एड्रियन आणि लायनेल यांच्या मैत्रीची पाने मात्र तितकीच संथ असूनही ठेवली. एड्रियनमध्ये मेरीचा नवरा पर्सी शेली आहे, रेमंडमध्ये त्यांचा कविमित्र बायरन. पर्सी १८२२ मध्ये समुद्रात बुडाला, बायरन १८२४ मध्ये ग्रीसमध्ये तापाने गेला. मेरी आपल्या माणसांना पुन्हा बोलते-चालते करत होती. पुढे एड्रियनही समुद्रातच जातो. ही मैत्री आधी मुरली नसेल, तर ते मरण केवळ बातमीसारखे कानांवरून जाईल.

दुसऱ्या खंडात कॉन्स्टँटिनोपलचा वेढा येतो आणि कादंबरीला प्राण येतो. ओस पडलेल्या शहरात रेमंड एकटा शिरतो, त्या पानांत एक शब्दही हलवावासा वाटत नाही.

हे प्रकरण वाचून दाखवताना एका आजींनी विचारले, “पण उंदीर कधी पडले?” प्रश्न अगदी इथला होता. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे दख्खनभर पसरला. घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालत, हे घराघरांत सांगितले गेले आहे. मेरीच्या काळी यातले कोणालाच ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये, पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला १८९८ मध्ये. मेरीचा प्लेग हवेतून येतो, आधी कसलीही वर्दी देत नाही. म्हणून मी उंदीर घातले नाहीत.

ऋतूंची गोष्टही अशीच. आपल्याकडे उन्हाळा कडक झाला की प्लेग ओसरे. कादंबरीत तो उन्हाळ्यात पेटतो आणि थंडीत निवतो. दर हिवाळ्याला माणसे पुन्हा आशेला लागतात. ही ये-जा वाचताना पुनरुक्तीसारखी वाटते. मीही तिथे आधी कात्री लावली होती. मोठ्याने वाचल्यावर कळले की एक हिवाळा जरी गाळला, तरी पुढच्या उन्हाळ्याची धास्ती उणावते. सगळे हिवाळे परत घेतले.

गतीसाठी मी शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवतो. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या या आत्मकथनात नगरचा प्लेगही आहे. लक्ष्मीबाई प्रसंगाच्या मध्यातच पाऊल टाकतात आणि काम झाले की थांबत नाहीत. मेरीची लांब, अलंकारांनी जडावलेली वाक्ये मराठीत आणताना हा वेग उपयोगी पडतो. निसर्गवर्णनांचे मी तीन-चार ओळींत भागवतो.

तिसऱ्या खंडाच्या शेवटाला मात्र हा वेग चालत नाही. रिकाम्या रोममध्ये लायनेलच्या सोबतीला एक कुत्रा आणि पुस्तके. घडत जवळपास काहीच नाही. संपादकाची सवय म्हणते, निम्मे काढा. मी ती पाने पूर्ण ठेवली आहेत आणि वाचणाऱ्यासाठी समासात एकच सूचना लिहिली आहे: इथे घाई करू नका.