अठाईचा उपवास आणि झोपेची गोळी

पर्युषण जवळ आले की जळगाव-धुळ्यातील अनेक घरांत अठाईचे बेत ठरू लागतात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय करावे, हे डॉक्टरांना विचारले जाते. झोपेच्या गोळीचा विषय मात्र बहुधा निघत नाही. ती औषधापेक्षा सवयच मानली जाते, आणि सवय तर पच्चक्खाण घेऊन सोडता येते!

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन कुळातील औषधे. या कुळातील पहिले औषध लिओ स्टर्नबाख यांनी शोधले व १९६० मध्ये ते बाजारात आले. मेंदूतील 'गाबा' हे रसायन पेशींची उत्तेजना शमवते. ही औषधे गाबाचाच प्रभाव वाढवतात. म्हणून काळजी ओसरते, डोळा लागतो. झोल्पिडेमची घडण निराळी, पण कार्यस्थान तेच. काही आठवड्यांच्या नित्य सेवनाने मेंदू या मदतीला सरावतो आणि स्वतःचा आवर तेवढा सैल करतो. मग गोळी एकाएकी थांबली की निद्रानाश, थरथर, घाम, धडधड सुरू होते. क्वचित आकडीही येते, आणि ती जिवावर बेतू शकते.

अल्प्राझोलमची रक्तातील मात्रा साधारण अकरा-बारा तासांत निम्मी होते. त्यामुळे हा त्रास अठाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उद्भवू शकतो, आणि घरचे त्याला उपवासाचा अशक्तपणा समजतात. डायझेपाम शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. त्याचा त्रास पारण्याच्या सुमारासही डोके वर काढील. अशी गोळी डॉक्टर आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने थोडी थोडी उतरवतात. तेव्हा विचारायचे ते चातुर्मास लागण्यापूर्वीच.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. झोल्पिडेम अंथरुणावर पडतानाच घ्यायचे औषध आहे. ते सूर्यास्तापूर्वी घेऊन गल्ल्यावर बसले, तर दुकान वाढवण्याआधीच गुंगी येते. स्कूटरवरून घरी जाणे तर धोक्याचेच. वृद्धांचा तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. वेळ पाळता येत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. उपाय बदलता येतो.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम 'एच-१' अनुसूचीत आहेत. औषध विक्रेत्याने चिठ्ठी पाहून रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवावे, वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. शेजारच्या मालेगावात हेच अल्प्राझोलम 'कुत्ता गोळी' म्हणून नशेसाठी चोरून विकले जाते. ओळखीच्या दुकानदाराकडे जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मागणाऱ्या प्रतिष्ठित गिऱ्हाइकालाही तो नियम तितकाच लागू आहे.